दोनशे फुटांवरचे

१

मास्तर रोज सकाळी सहा वाजता एक विमान खाली आणायचे आणि जमिनीपासून दोनशे फुटांवर ते तसंच हवेत सोडून चहा प्यायला जायचे.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, कारण विमान खरं नव्हतं. वैमानिकांना शिकवण्याच्या केंद्रात एका उंच हॉलमध्ये, सहा जाड यांत्रिक पायांवर, एक पांढरी पेटी उभी होती. पेटीच्या आत हुबेहूब कॉकपिट. दोन खुर्च्या, छतापर्यंत बटणं आणि काचेबाहेर संगणकाने रंगवलेलं आकाश. खुर्च्यांच्या मागे शिक्षकाची जागा, तिच्यामागे चार पावलांची मोकळी जमीन आणि मग एक अरुंद दार. दाराबाहेर छोटा लोखंडी पूल. यंत्र चालू करताना हा पूल उचलून घ्यावा लागतो, म्हणजे पेटीला हलाय-डुलायला जागा मिळते. पूल वर गेला की दाराबाहेर नुसती हवा आणि बारा फूट खाली सिमेंटची फरशी. या सगळ्या कारभाराला तिथले लोक सिम म्हणायचे.

मास्तर वैमानिक नव्हते आणि शिक्षकही नव्हते. ते सिमचे तंत्रज्ञ होते आणि अक्षर वळणदार म्हणून त्यांना हे नाव चिकटलं होतं. शिकाऊ मंडळी आठ वाजता यायच्या आत यंत्र धड चालतंय ना हे बघणं त्यांचं काम. रिकामं विमान धावपट्टीकडे आणायचं, उतरतानाचा वेग तक्त्यातल्या आकड्याशी ताडायचा, जुळला की सही ठोकायची.

तो आकडा होता एकशे अठरा. विमान जितकं जड तितका उतरतानाचा वेग जास्त ठेवावा लागतो. कमी पडला तर पंखांना वजन पेलवत नाही, जास्त झाला तर धावपट्टी पुरत नाही. किती वेग हवा ते संगणक वजन बघून सांगतो. रिकामं विमान, प्रवासी शून्य, वेग एकशे अठरा नॉट. एकोणीस वर्षांत यात फरक पडला नव्हता.

तक्त्यात ‘विमान टेकवणे’ असा शेवटचा रकाना होता, पण त्याच्यापुढे ‘ऐच्छिक’ असं छापलेलं होतं. मास्तर तिथे आडवी रेघ मारायचे. दोनशे फुटांवर फ्रीझचं बटण दाबलं की विमान जागच्या जागी थांबतं, मग सगळं पुसून यंत्र पुन्हा पहिल्यासारखं. चार मिनिटं वाचतात.

चार मिनिटं हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं की नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी हौसेने विमान टेकवून दाखवलं होतं. ते असं काही आपटलं की मागे बसलेल्या कॅप्टनसाहेबांचा चहा त्यांच्या पांढऱ्या शर्टावर सांडला. कॅप्टनसाहेब काही वाईट बोलले नाहीत. फक्त म्हणाले, “दुरुस्ती तू छान करतोस. उतरवायचं आमच्यावर सोड.” सगळे हसले, मास्तरही हसले, आणि त्या दिवसापासून त्यांनी एकदाही विमान जमिनीला लावलं नाही.

पाच-सहा हजार वेळा ते खाली आले होते. उतरले एकदाच.

२

एका सोमवारी आकडा एकशे एकोणीस आला.

मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग वजनाचं पान उघडलं. प्रवासी शून्य. सामान शून्य. आणि खाली एकूण वजन रोजच्यापेक्षा आठशे वीस किलोंनी जास्त. बेरीज चुकत होती. संगणक बाकी काहीही करेल, पण बेरीज चुकवत नाही.

“नवीन प्रोग्रॅम टाकला असेल कुणीतरी,” शेजारचा दोन नंबरचा सिमवाला म्हणाला. याला सगळे घड्याळ म्हणायचे, कारण तो गेली सात वर्षं पहाटे पाचला पाच मिनिटं कमी असताना फाटकातून आत शिरायचा, ना एक मिनिट अलीकडे ना पलीकडे. काम तो मास्तरांच्या हाताखालीच शिकला होता. “एक नॉटचं काय घेऊन बसलात मास्तर? तसंही तुमचं यंत्र आता चार दिवसांचं पाहुणं.”

ते खरं होतं. एक नंबरचं सिम जुनं झालं होतं. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी ते कायमचं बंद करून सुटं करायचं ठरलं होतं. तसा मॅनेजरबाईंचा कागदही भिंतीवर लागला होता.

मास्तरांनी तक्त्यात एकशे एकोणीस लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मंगळवारी तेवढाच आला. बुधवारी एकशे वीस. गुरुवारी एकशे बावीस.

आणि गुरुवारी, पाचशे फुटांवर असताना, मागे कुणीतरी खोकलं.

साधा खोकला. माणूस हात तोंडाशी धरून खोकतो तसा. मास्तरांनी वळून पाहिलं. शिक्षकाची खुर्ची रिकामी, दार बंद, पूल वरती उचललेला. पण त्यांच्या अंगावर काटा आला तो खोकल्यामुळे नाही. कान त्यांचे चांगले होते, आणि कान सांगत होते की तो आवाज निदान तीस पावलांवरून आला. पेटी तर चार पावलांत संपत होती.

त्यांनी बटण दाबलं. विमान दोनशे फुटांवर थांबलं. त्या शांततेत त्यांना वाटलं की मागे पुष्कळ जणांनी एकदम श्वास रोखून धरलाय.

वाटायला काय, काहीही वाटतं, असं त्यांनी स्वतःला खडसावलं, आणि चहाला गेले. चहा मात्र घशाखाली गेला नाही.

३

मास्तरांची बायको नर्स होती, नवजात बाळांच्या वॉर्डात. सकाळी ड्यूटीवर गेलं की पहिलं काम सगळ्या बाळांची वजनं करायची. तीस वर्षं हेच केल्यामुळे बाई कुठलंही मूल नुसतं कडेवर घेऊन सांगायची, साडेतीन किलो, सात किलो, आणि वीस ग्रॅमचा फरक पडला तर काट्यावरच संशय घ्यायची.

त्याच गुरुवारी संध्याकाळी ती भाजी निवडत असताना मास्तर म्हणाले, “तुझ्या काट्याने रिकामी टोपली वजनदार दाखवली, तर तू काय समजशील?”

“काटा बिघडला समजेन.”

“आणि रोज थोडं थोडं वाढवून दाखवली तर?”

तिचा हात थांबला. “थोडं थोडं वाढतंय? घटत नाही मध्येच?”

“नाही. वाढतंच आहे.”

“मग काटा नाही बिघडला,” ती म्हणाली. “बिघडलेला काटा वेड्यासारखा इकडे तिकडे करतो. रोज वाढतं ते टोपलीत कुणीतरी असल्याशिवाय वाढत नाही. अहो, पण झालंय काय?”

मास्तरांनी सांगून टाकलं. वेग, वजन, बेरीज, खोकला, सगळं. ती हसेल असं त्यांना वाटलं होतं आणि खरं तर तिने हसावं अशी त्यांची इच्छा होती. ती हसली नाही.

“एक नॉट म्हणजे किती माणसं?”

“बॅगांसकट आठ धर.”

“म्हणजे आता बत्तीस जण आहेत.” तिने देठ बाजूला सारले. “आणि तुम्ही रोज काय करता? त्यांना जमिनीजवळ आणता आणि तसंच सोडून येता?”

असं कुणी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. मास्तरांनी समोरची एक काडी उचलून निवडायला घेतली.

“यंत्र आहे गं ते,” ते शेवटी म्हणाले.

“मग असू दे,” ती म्हणाली, पण त्यांच्याकडे न बघता.

४

सोमवारी एकशे अठ्ठावीस.

मास्तर शहाणे होते. त्यांनी बुद्धीला पटेल ते सगळं करून पाहिलं. प्रोग्रॅम पुसून जुना घातला. वजनाची फाईल दुसऱ्या सिमवरून आणली. प्रोग्रॅमवाल्यांना फोन केला, तिकडच्या मुलीने “यंत्र बंद करून पुन्हा चालू करा” हा जगभर चालणारा सल्ला दिला. मास्तरांनी तोही पाळला. मग एक साधी फूटपट्टी घेऊन ते पेटीखाली गेले आणि यंत्र स्थिर असताना पेटीचा तळ फरशीपासून किती वर आहे ते मोजलं. रोजच्यापेक्षा दोन बोटं खाली होता.

संगणकाला भास होऊ शकतो, असं एक वेळ मानता आलं असतं. लोखंडाला भास होत नाही. फूटपट्टी हातात धरून ते पेटीखाली ओणवे उभे राहिले, आणि वर, त्यांच्या डोक्यावर, कुणीतरी पाय आवरून घेतला. चप्पल जमिनीवर घासल्याचा तो आवाज त्यांनी स्पष्ट ऐकला.

आता मास्तर घाबरले हे सांगायला हवं. पण भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी त्यांच्या छातीत मोठं होत होतं, आणि त्याला काय म्हणायचं ते त्यांना कळेना. इतक्या वर्षांत त्यांच्या विमानात कुणी बसलं नव्हतं. बसावं असं कुणाला वाटेल, हेही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि आता लोक येत होते. बॅगा वर ठेवून, पट्टे लावून, निमूट बसत होते. कुठून येत होते कोण जाणे. कुणाच्या भरवशावर आले, ते मात्र मास्तरांना ठाऊक होतं.

बुधवारी आकडा एकशे पस्तीस झाला आणि मास्तरांची फजिती झाली. हात एकोणीस वर्षांच्या सवयीने रिकामं विमान चालवत होते, आणि विमान भरलेलं होतं. भरलेलं विमान पटकन मंदावत नाही. त्यांनी नेहमीच्याच ठिकाणी इंजिनं कमी केली, नेहमीच्याच ठिकाणी चाकं सोडली आणि हजार फुटांवर बघतात तो वेग वीस नॉटनी जास्त. नाक वर करून वेग मारायला गेले तर विमान उंच राहायला लागलं, नाक खाली घातलं तर वेग पुन्हा चढला. मागून एक बाई हळू आवाजात कुणाला तरी समजावत होती. शब्द कळत नव्हते. सूर कळत होता, घाबरू नको, होईल नीट, हा.

दोनशे फुटांवर मास्तरांनी बटण दाबलं.

“माफ करा,” ते मागे न बघता म्हणाले. रिकाम्या पेटीत एकटेच.

त्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते पुन्हा आत शिरले. डबा न उघडता त्यांनी सात वेळा जड विमान खाली आणलं. आता ते लवकर मंद करू लागले. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा, एकेक टप्प्याने लांबवर आधीच उघडायच्या. चाकं दोन मैल अलीकडे. मग इंजिनं पार बंद न पाडता थोडी जागी ठेवायची आणि वेगाचा काटा ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवायचा, ना वर ना खाली. गुरुवारी एकशे एकोणचाळीस आला तरी तो त्यांना धरता आला. फक्त दोनशे फुटांखाली ते गेले नाहीत. हात तिथे पोचला की आपोआप बटणाकडे जायचा.

५

शुक्रवारी सकाळी मास्तर आले तेव्हा मॅनेजरबाई हॉलमध्येच उभ्या होत्या आणि घड्याळ मुख्य स्विचच्या कपाटापाशी.

“आज तपासणी नको,” बाई म्हणाल्या. “आज यात कुणी बसणारच नाही. माणसं सातला येतील सुटं करायला. आत्ताच बंद करून टाकू.”

“बाई, एक फेरी राहिली आहे.”

“कसली फेरी?”

मास्तरांना खोटं नीट बोलता येत नसे. ते म्हणाले, “तक्ता पूर्ण करायचाय. शेवटचा रकाना मी एकोणीस वर्षं रिकामा ठेवलाय.”

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. कडक बाई, पण कागद पूर्ण करण्याबद्दल त्यांचं मन हळवं होतं. “साडेसहापर्यंत,” त्या म्हणाल्या. “त्यानंतर घड्याळ स्विच पाडेल. मग यंत्र हवेत असो की जमिनीवर.”

मास्तर पुलावरून आत गेले आणि दार लावून घेतलं. खाली घड्याळाने पूल उचलला. त्याचा करकर आवाज येऊन थांबला, आणि मग आत दुसरे आवाज उरले. कागदाचं पान उलटल्याचा. नाक शिंकरल्याचा. फार मागे कुणाच्या तरी वरच्या कप्प्याचं झाकण टक् करून बसलं. आज त्यांनी वळून पाहिलं नाही. चालवणाऱ्याने सारखं मागे बघू नये, बसलेल्यांना धीर राहत नाही.

आकडा आला एकशे चाळीस. एकूण वजन उतरायला परवानगी असलेल्या शेवटच्या किलोपर्यंत जाऊन टेकलं होतं. बावीस नॉट जास्त. बावीस आठे एकशे शहात्तर. विमानात जागा होत्या एकशे ऐंशी.

तीन हजार फुटांवर त्यांनी पहिली झडप उघडली. वेग हळूहळू उतरला. चाकं खाली गेली, पेटी थरथरली. हजार फुटांवर एकशे बेचाळीस. बरं चाललंय. पाचशेवर एकशे चाळीस, आणि मग त्यांच्या मनात भीती शिरली की हे कमी तर नाही, इतक्या जणांना पेलेल ना, आणखी दहा नॉट असू द्यावेत सोबतीला. हात इंजिनांकडे गेला. पण त्यांना माहीत होतं की भीतीपोटी घेतलेला वेग धावपट्टीच्या शेवटी भारी पडतो, आणि तिथे पुढे शेत होतं, संगणकाने रंगवलेलं का होईना. त्यांनी हात आवरला. एकशे चाळीस म्हणजे एकशे चाळीस.

तीनशे फूट. मागे एकामागून एक पट्टे आवळल्याचे आवाज आले. शेकडो छोट्या टिकटिक, पुढून मागे जात, मागे जात, पेटी संपली तरी पुढे जात राहिलेल्या. मास्तरांचे डोळे भरून आले. एवढी माणसं.

दोनशे फूट. उजवा हात बटणापाशी होता. तो कधी तिथे गेला ते त्यांना कळलंही नव्हतं. बोट बटणावर टेकलेलं होतं.

मागे इतकी शांतता होती की त्यांना स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

मास्तरांनी बोट उचललं आणि हात पुन्हा इंजिनांवर ठेवला.

शंभर. पन्नास. तीसवर त्यांनी नाक अलगद वर घेतलं आणि इंजिनं सोडली. वेग आता उतरू दिला, जेवढा उतरायचा तेवढा. जमीन कधी लागली हे त्यांना आधी कळलंच नाही, नुसता एक हलका दचका बसला, चहा सांडला नसता इतका. मग ब्रेक, मग लांबलचक घरघर, मग धावपट्टीचे शेवटचे दिवे जवळ येत येत हळू झाले. विमान थांबलं.

६

बाहेर पडद्यावर रंगवलेली सकाळ होती. मास्तर हात मांडीवर ठेवून बसले.

मागे पट्टे सुटले. आणि वजनाच्या पानावरचा आकडा उतरू लागला.

ब्याण्णव किलो. मग एकशे चार. मग एकसष्ट. सावकाश, ओळीने, धक्काबुक्की न करता. प्रत्येक आकड्याबरोबर पेटी केसभर वर येत होती, माणसं उतरताना बस वर येते तशी. एकदा सात किलो उतरले आणि लगेच पाठोपाठ साठ. मास्तर ते आकडे बघत राहिले. सात किलो. बायकोमुळे त्यांना हे कळत होतं. कुणीतरी आधी बाळ बाहेर दिलं होतं, मग स्वतः उतरलं होतं. आणि बाहेर कुणीतरी ते घ्यायला उभं होतं.

तोंडावर हात दाबून ते रडले.

वळून बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं आणि ते वळले नाहीत. पण शिकाऊ वैमानिकाच्या बाजूचा संगणकाचा एक पडदा बंद होता, आणि त्याच्या काळ्या काचेत मागचं दिसत होतं. दार उघडं होतं. दाराबाहेर प्रकाश होता, आणि तो हॉलमधल्या ट्यूबलाइटचा नव्हता. त्यात ऊन होतं. एक उंच माणूस डोकं वाकवून, चौकटीला हात लावून बाहेर पडला. त्याच्यामागे एक म्हातारी बाई. चौकटीपाशी ती थांबली, कॉकपिटकडे वळली, आणि उतरताना लोक चालकाला मान हलवतात तशी तिने मान हलवली. चेहरा मास्तरांना दिसला, पण पुढे कधीच सांगता आला नाही. बायकोलाही नाही.

मग ऊन गेलं. पानावर एकूण वजन रिकाम्या विमानाचं होतं, किलोला किलो. वेगाच्या खिडकीत एकशे अठरा.

खाली पूल करकरत दाराला लागला. मास्तर बाहेर आले तेव्हा घड्याळ पुलाच्या पलीकडे उभा होता, नेहमीपेक्षा पांढरा पडलेला.

“मास्तर, यंत्र चालू असताना दार का उघडलंत? पूल वर होता. खाली सिमेंट आहे. मी खालून ओरडत होतो.”

“तुला काय दिसलं?”

“दार उघडं दिसलं. दहा मिनिटं उघडं होतं.” त्याने खालच्या फरशीकडे पाहिलं. मग म्हणाला, “बाकी काही नाही.”

मास्तरांनी तक्ता भिंतीला लावून लिहायला घेतला. शेवटच्या रकान्यात ‘टेकवलं’ असं लिहिलं. वर प्रवाशांचा रकाना होता, तिथे एकोणीस वर्षं शून्य होतं. त्यांनी एकशे शहात्तर लिहिलं. पहिल्यांदाच त्यांचं अक्षर वाकडंतिकडं आलं. मॅनेजरबाईंनी कागद घेतला, न वाचता सही केली, आणि घड्याळाला मान हलवली. घड्याळाने स्विच पाडला. सहा पाय सुस्कारा टाकून खाली बसले.

सुटं करणारी माणसं आली, पेटीवर चढली. मास्तर बाजूला उभे राहून बघत होते. त्यांना वाईट वाटलं नाही, खूप हलकं वाटत होतं.

“मास्तर,” घड्याळ शेजारी येऊन म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. “एक सांगायचं राहिलं. तुमच्या आधी मी माझं दोन नंबरचं तपासलं. रोजच्यासारखं दोनशेवर फ्रीझ करून आलो.”

“मग?”

“एकशे एकोणीस आला.”

मास्तरांनी दोन नंबरच्या पेटीकडे पाहिलं. ती सहा पायांवर निवांत उभी होती. दोनशे फुटांवर थांबायला घड्याळाला त्यांनीच शिकवलं होतं. चार मिनिटं वाचतात, असं सांगून.

“आठ जण आहेत,” मास्तर म्हणाले. “चल, उतरवून ये.”

“मला कुठे येतंय विमान टेकवायला?”

“मलाही येत नव्हतं,” मास्तर म्हणाले, आणि त्याला पुढे घालून पुलाकडे निघाले. पुलावर चढण्याआधी त्यांनी कोटाची बटणं लावली आणि केसांवरून हात फिरवला.